महाराष्ट्रातल्या सर्वात मोठ्या कंपन्यांची यादी: वाचायची कशी आणि आपली आपण करायची कशी

आयसीआयसीआय बँकेचं मुख्य ऑफिस वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. तरीही ‘महाराष्ट्रातल्या सर्वात मोठ्या कंपन्या’ अशी यादी कागदोपत्री काटेकोर लावली, तर ही बँक तिच्यात बसत नाही. तिचं नोंदणीकृत कार्यालय वडोदऱ्याला आहे, म्हणून ती गुजरातच्या खात्यात जाते. इंडियन ऑइलचं नेमकं उलटं. कारभार बराचसा दिल्लीतून, महाराष्ट्रात एकही रिफायनरी नाही, पण नोंदणीकृत कार्यालय वांद्रे पूर्वेला, अली यावर जंग मार्गावर. त्यामुळे महाराष्ट्राच्या यादीत ती अगदी वरच्या ओळींत येते.

फॉर्च्यून इंडिया ५००, ईटी ५००, बीटी ५००, हुरुनची ५००... दरवर्षी अशा याद्या निघतात. मग कोणीतरी त्यातली आपल्या राज्याची नावं गाळून काढतं आणि ती व्हॉट्सॲपवर फिरू लागतात. यादी कोणत्या नियमाने लावली हे सांगणारा बारीक टाइपातला मजकूर मात्र कोणी पुढे पाठवत नाही, आणि सगळा खेळ तर त्याच मजकुरात असतो.

हा लेख नवख्यांसाठी आहे. बीकॉम-बीएमएसची मुलं, सीएची आर्टिकलशिप नुकती सुरू केलेले, अर्थविषयक बातम्यांच्या डेस्कवर नव्याने बसलेले, किंवा मोठ्या ग्राहकांची यादी काढायला सांगितलेले विक्री विभागातले लोक. माझं म्हणणं एवढंच की, आधी स्वतः वीस कंपन्यांची छोटी यादी करून बघा. मग दुसऱ्याच्या यादीतली गोम कुठे आहे ते लगेच दिसू लागतं.

आधी पत्ता ठरवा

कंपनी ‘राज्याची’ कशी ठरते? नोंदणीकृत कार्यालय, कॉर्पोरेट ऑफिस आणि कारखाने, असे तीन पत्ते समोर येतात आणि मोठ्या कंपनीचे हे तिन्ही पत्ते क्वचितच एका गावात असतात. टाटा स्टीलचं नोंदणीकृत कार्यालय फोर्टमध्ये, बॉम्बे हाउसला. पोलाद बनतं जमशेदपूर आणि कलिंगनगरला. रिलायन्सचा पत्ता नरिमन पॉइंटचा, मेकर चेंबर्स, रिफायनरी जामनगरला. ॲक्सिस बँक चालते वरळीतून, नोंद आहे अहमदाबादची. सन फार्माचं कॉर्पोरेट ऑफिस गोरेगावात, नोंद वडोदऱ्याची. बिर्ला समूहातल्या ग्रासिमची नोंद तर मध्य प्रदेशातल्या नागद्याची.

कायद्याच्या दृष्टीने धरायचा तो नोंदणीकृत पत्ता, आणि तो शोधायला सगळ्यात सोपी वाट म्हणजे सीआयएन, म्हणजेच कंपनीचा २१ अक्षर-अंकी ओळख क्रमांक. लेटरहेडवर, बिलावर, वार्षिक अहवालाच्या पानावर तो छापणं कंपन्यांना बंधनकारक आहे. हा क्रमांक एकदा फोडून बघा, पुन्हा विसरणार नाही. रिलायन्सचा असा आहे:

एल १७११० एमएच १९७३ पीएलसी ०१९७८६

पहिलं अक्षर ‘एल’, म्हणजे कंपनी शेअर बाजारात सूचीबद्ध आहे. नसती तर तिथे ‘यू’ असतं. पुढचे पाच आकडे उद्योगाचे. १७११० हा कापड उद्योगाचा सांकेतिक अंक आहे. तेल, रिटेल आणि मोबाइल विकणाऱ्या कंपनीच्या ओळखपत्रावर आजही नरोड्याच्या कापड गिरणीची खूण आहे. म्हणून एक सूचना: उद्योगाची वर्गवारी या पाच आकड्यांवरून करू नका, वार्षिक अहवालावरूनच करा. त्यानंतरची दोन अक्षरं राज्याची, एमएच. आपल्याला हवी होती ती हीच. मग स्थापनेचं वर्ष, मग कंपनीचा प्रकार आणि शेवटी सहा आकडी नोंदणी क्रमांक.

टाटा स्टीलच्या क्रमांकात ‘एमएच १९०७’ असं लिहिलेलं आहे. महाराष्ट्र राज्य झालं १९६० मध्ये! घोळ काही नाही. वर्ष कंपनीच्या जन्माचं असतं आणि राज्य आजच्या पत्त्याचं. कंपनीने पत्ता दुसऱ्या राज्यात हलवला की क्रमांकातली ही दोन अक्षरंही बदलतात. वेदांताने गोव्यातून मुंबईला नोंदणी आणली, तेव्हा तिच्या क्रमांकात एमएच आलं. खाणी होत्या तिथेच राहिल्या आणि महाराष्ट्राच्या यादीत एक बडं नाव आयतं वाढलं. ‘राज्यातल्या मोठ्या कंपन्या वाढल्या’ अशी बातमी दिसली की आधी कोणी पत्ता बदलला आहे का ते बघा.

मी स्वतः क्रमवारी नोंदणीकृत पत्त्यावरच लावतो, पण तक्त्यात कॉर्पोरेट ऑफिसचा आणि मुख्य कारखान्यांचा असे दोन रकाने जादा ठेवतो. नोकरी शोधणाऱ्याला नोंदणीकृत पत्त्याचा काडीचा उपयोग नाही. कल्याणहून रोज लोकलने यायचं असेल तर माणसं प्रत्यक्ष कुठे बसतात तेच महत्त्वाचं.

यादीत कोणाला घ्यायचं

इथे नवखे हमखास अडकतात, कारण ‘पब्लिक’ म्हटलं की कोणाला सरकारी कंपनी आठवते, कोणाला शेअर बाजार. तक्त्यात या गोष्टी वेगळ्या ठेवा. पब्लिक लिमिटेड हा कायद्यातला प्रकार आहे. किमान ७ भागधारक लागतात आणि कमाल मर्यादा नाही. प्रायव्हेट लिमिटेडमध्ये किमान २ आणि जास्तीत जास्त २००, आणि शेअर लोकांना खुले विकता येत नाहीत. पब्लिक लिमिटेड असूनही शेअर बाजारात नसलेल्या कंपन्या भरपूर आहेत. सरकारी मालकी हा तर निराळाच मुद्दा: भारत पेट्रोलियम, हिंदुस्थान पेट्रोलियम, माझगाव डॉक या सरकारी आहेत आणि सूचीबद्धही.

महावितरण मात्र राज्य सरकारची आणि बाजारात नसलेली. वीज मंडळाचं २००५ मध्ये विभाजन झालं तेव्हा ही कंपनी वेगळी निघाली. कार्यालय वांद्र्याला, प्रकाशगडमध्ये. राज्यभर घराघरात तिचं बिल येतं, उलाढालही प्रचंड, तरी शेअर बाजाराच्या आकड्यांवरून केलेल्या यादीत तिचं नाव दिसत नाही. कुलाब्यापासून माहीम-सायनपर्यंत वीज देणारी बेस्ट तर कंपनीच नाही, तो महापालिकेचा उपक्रम आहे. सहकारी साखर कारखाने, दूध संघ, सहकारी बँका सहकार कायद्याखाली येतात. त्यांना सीआयएन नसतो. स्टेट बँक आणि एलआयसी या संसदेने केलेल्या स्वतंत्र कायद्यांनी उभ्या राहिलेल्या संस्था, अनुक्रमे १९५५ आणि १९५६ च्या. त्यांनाही कंपनी कायदा जसाच्या तसा लागू होत नाही. पण दोघींची मुख्य कार्यालयं नरिमन पॉइंटला आहेत, शेअर बाजारात आहेत, आणि त्यांना वगळून महाराष्ट्राची यादी केली तर लोक हसतील. मी त्या घेतो आणि शेरा लिहितो.

आणखी एक. ‘टाटा समूह’ किंवा ‘बिर्ला समूह’ अशी ओळ तक्त्यात नको. समूह ही कंपनी नव्हे. टाटा सन्स ही कंपनी आहे, प्रायव्हेट लिमिटेड. टीसीएस निराळी, टायटन निराळी, आणि टायटनची नोंद तर तमिळनाडूची.

मोठी म्हणजे कशाने मोठी

२०२२-२३ या एकाच वर्षातल्या मुंबईच्या दोन कंपन्या घ्या. चर्चगेटच्या हिंदुस्थान पेट्रोलियमची उलाढाल ४.५ लाख कोटी रुपयांच्या वर होती आणि उपकंपन्या धरून कंपनीला सुमारे ७ हजार कोटींचा तोटा झाला. टीसीएसची उलाढाल २.२५ लाख कोटी, म्हणजे जेमतेम निम्मी, आणि निव्वळ नफा ४२ हजार कोटींवर. उलाढालीच्या यादीत पहिली पुढे, नफ्याच्या यादीत ती थेट तळाला. बाजारमूल्याने, म्हणजे सगळ्या शेअरच्या एकूण बाजारभावाने बघाल तर टीसीएस तिच्या कित्येक पट मोठी. तीनही याद्या आपापल्या जागी खऱ्याच आहेत.

तेल कंपन्यांच्या बाबतीत दोन गोष्टी ध्यानात ठेवा. कच्चं तेल महागलं की त्यांची उलाढाल आपोआप फुगते, एक थेंब जास्त विकला नाही तरी. दुसरं असं की पेट्रोल-डिझेल जीएसटीच्या बाहेर आहे, आणि नफा-तोटा पत्रकातल्या एकूण महसुलात उत्पादन शुल्क मिसळलेलं असतं. साबण-टूथपेस्ट विकणाऱ्या कंपनीचा महसूल जीएसटी वजा करून लिहिलेला असतो. हिंदुस्थान युनिलिव्हर आणि भारत पेट्रोलियम यांची एका रकान्यात तुलना करायची असेल तर तेल कंपनीचा उत्पादन शुल्क वजा जाता आकडा घ्या. वार्षिक अहवालात तोही सापडतो.

बँका आणि विमा कंपन्या मी वेगळ्या तक्त्यात ठेवतो, यावर माझं कोणाशीच जमत नाही. बँकेचं उत्पन्न म्हणजे मुख्यतः व्याज. विमा कंपनीचं म्हणजे हप्ते आणि गुंतवणुकीवरची कमाई, आणि ते हप्ते उद्या दाव्यांपोटी परत द्यायचे असतात. एलआयसीचं एकूण उत्पन्न आणि लार्सन अँड टुब्रोची उलाढाल शेजारी-शेजारी मांडून काय साधणार? बँकांसाठी ठेवी आणि कर्जं, किंवा एकूण मालमत्ता बघा. मासिकांच्या याद्यांत सगळे एकत्र असतात, कारण पहिल्या दहात बँका नसतील तर मुखपृष्ठ रंगत नाही.

बाजारमूल्य घेणार असाल तर तारीख लिहा. एका दिवसाचा भाव फसवा असतो. म्हणून म्युच्युअल फंडांची संघटना ॲम्फी वर्षातून दोनदा सहा महिन्यांच्या सरासरीने यादी काढते: पहिल्या १०० लार्ज कॅप, १०१ ते २५० मिड कॅप, बाकी स्मॉल कॅप. सेबीचे नियम लावण्यासाठी शेअर बाजारही आता जुलै ते डिसेंबरच्या सरासरीवर वार्षिक क्रम लावतात. फुकट मिळणाऱ्या याद्यांत या दोन सगळ्यात भरवशाच्या. त्यात राज्य दिलेलं नसतं, ते सीआयएनवरून तुम्ही भरायचं.

भरणा झालेलं भांडवल (पेड-अप कॅपिटल, म्हणजे शेअरच्या दर्शनी किमतीची बेरीज) म्हणजे कंपनीचा आकार, हा गैरसमज मात्र आधी काढून टाका. टीसीएसचं असं भांडवल ४०० कोटींहूनही कमी आहे.

एकत्रित की स्वतंत्र

वार्षिक अहवालात दोन हिशेब असतात. स्वतंत्र म्हणजे स्टँडअलोन, फक्त त्या कंपनीचा. एकत्रित म्हणजे कन्सॉलिडेटेड, उपकंपन्या धरून. टाटा मोटर्सच्या एकत्रित उलाढालीत निम्म्याहून जास्त वाटा वर्षानुवर्षं जग्वार लँड रोव्हरचा होता, म्हणजे ब्रिटनमधल्या उपकंपनीचा. कंपनी जगात केवढी आहे हे बघायचं तर एकत्रित आकडा घ्या.

पण मग दुहेरी मोजणी टाळा. ओएनजीसीने जानेवारी २०१८ मध्ये हिंदुस्थान पेट्रोलियममधला सरकारचा ५१ टक्के हिस्सा विकत घेतला. तेव्हापासून ओएनजीसीच्या एकत्रित उलाढालीत हिंदुस्थान पेट्रोलियम येते. ओएनजीसीची नोंद दिल्लीची, हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबईची. दोन राज्यांच्या याद्या केल्या तर तोच पैसा दोन्हीकडे मोजला जातो. राज्याच्या यादीची बेरीज करून ‘महाराष्ट्रातल्या कंपन्यांचा देशात इतका टक्के वाटा’ असं जे कोणी लिहितं, त्याने ही गाठ सोडवलेली असते का, ते विचारा. आणि उलाढालींची बेरीज राज्याच्या सकल उत्पन्नाशी ताडून तर कधीच बघू नका. सकल उत्पन्नात फक्त मूल्यवर्धन मोजतात, म्हणजे विक्रीतून विकत घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरलेली भर; उलाढालीत सगळी विक्री.

आकडे कुठून आणायचे

सूचीबद्ध कंपन्यांचं काम अर्ध्या तासाचं आहे. बीएसई किंवा एनएसईच्या संकेतस्थळावर कंपनीचं नाव टाका, वार्षिक अहवाल उतरवा, ‘रेव्हेन्यू फ्रॉम ऑपरेशन्स’ची ओळ घ्या. ‘टोटल इन्कम’ नको, त्यात व्याज, लाभांश, जमीन विकून आलेले पैसे असलं बरंच काही असतं.

कस लागतो तो प्रायव्हेट कंपन्यांपाशी. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट असो की बिस्किटं बनवणारी पार्ले प्रॉडक्ट्स, तिमाही निकाल जाहीर करायचं बंधन त्यांच्यावर नाही. पण हिशेब गुप्त नसतो. प्रत्येक कंपनीला कंपनी निबंधकाकडे वार्षिक हिशेब एओसी-४ या नमुन्यात भरावा लागतो, आणि केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर खातं उघडून, १०० रुपये भरून, तो कोणालाही बघता येतो. पैसे भरल्यावर कागद बघायला ठरावीक वेळच मिळतो, म्हणून आधी कंपनीचं पूर्ण नाव आणि सीआयएन हाताशी ठेवा. सारख्या नावाच्या पाच कंपन्या समोर येतात, त्यातली भलतीच उघडली तर १०० रुपये गेले.

ते १०० रुपये वाचवायचे दोन मार्ग आहेत, आणि मी आधी तेच वापरतो. एक, पतमानांकन संस्था. क्रिसिल, इक्रा, केअर यांनी ज्या कंपनीच्या कर्जाला मानांकन दिलं, तिच्याबद्दलचं टिपण त्यांच्या संकेतस्थळावर फुकट असतं आणि त्यात बहुतेक वेळा शेवटच्या दोन वर्षांची उलाढाल आणि नफा असतो. टिपणाच्या वर ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शिक्का दिसला तर आकडे शिळे समजा. कंपनीने माहिती देणं थांबवलेलं असतं. दुसरा मार्ग, मूळ कंपनीचा वार्षिक अहवाल. त्यात मागच्या बाजूला एओसी-१ नावाचा तक्ता असतो, प्रत्येक उपकंपनीची उलाढाल, नफा, मालकीचा टक्का, सगळं एका ओळीत. बाजारात नसलेल्या कितीतरी मोठ्या कंपन्या या तक्त्यात उघड्यावर बसलेल्या असतात.

कंपनीच्या मालकाने मुलाखतीत सांगितलेला आकडा कधीही घेऊ नका. ‘आम्ही हजार कोटींचे झालो’ यातले हजार कोटी कधी पुढच्या वर्षीचं उद्दिष्ट असतं, तर कधी दुकानातल्या विक्रीची किंमत.

तक्ता भरताना

एककं आधी जुळवा. कोणी कोटीत लिहितं, कोणी लाखात, कोणी मिलियनमध्ये. १० मिलियन म्हणजे १ कोटी. १ बिलियन म्हणजे १०० कोटी. एक शून्य इकडेतिकडे झालं की मधल्या फळीतली कंपनी पहिल्या पाचात जाऊन बसते.

आर्थिक वर्ष बघा. बहुतेकांचं मार्चअखेर संपतं, पण सगळ्यांचं नाही. प्रॉक्टर अँड गँबल हायजिनचं बराच काळ जूनअखेर संपायचं. कंपनीने वर्ष बदललं की मध्ये एखादं नऊ किंवा पंधरा महिन्यांचं ‘वर्ष’ येतं. ते तसंच उतरवलं तर उलाढाल कोसळल्यासारखी किंवा उसळल्यासारखी दिसते.

गेल्या वर्षीशी तुलना करताना शेऱ्याचा रकाना सर्वात जास्त कामाला येतो. एचडीएफसी ही गृहकर्ज कंपनी १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी बँकेत विलीन झाली; त्या वर्षी बँकेची झेप बघून हुरळून जायचं कारण नाही. एलटीआय आणि माइंडट्री या आयटी कंपन्या २०२२ मध्ये एक झाल्या. टाटा मोटर्सचा व्यापारी वाहनांचा व्यवसाय २०२५ मध्ये वेगळा निघाला. अशा ओळींपुढे ‘विलीनीकरण’ किंवा ‘विभाजन’ एवढं लिहून ठेवा आणि वाढीचा टक्का काढूच नका.

दुसऱ्याची यादी हातात आली की

शेवटचं पान उघडा, नियम वाचा. फॉर्च्यून इंडियाची यादी उलाढालीवर लावलेली असते, हुरुनची कंपनीच्या मूल्यावर. शिवाय हुरुन सरकारी कंपन्या बाजूला ठेवते. म्हणजे पहिल्या यादीतलं इंडियन ऑइल दुसऱ्या यादीत सापडलं नाही म्हणून कोणी घसरलं असं होत नाही.

एक तिसरी जात आहे, तिच्यापासून लांब राहा. ‘राज्यातल्या अग्रगण्य ५० कंपन्या’, ‘उद्योगरत्न’ वगैरे नावांनी कंपन्यांना मेल जातात, तुमची निवड झाली, अमुक रक्कम भरा, मग फोटो छापतो. नियमांचं पान नाही, आकड्यांचं वर्ष नाही, क्रमांकही नाहीत, नुसती वर्णानुक्रमे नावं. ती जाहिरात आहे. तशी म्हणून वाचायला हरकत नाही.

वर्षाचं वेळापत्रक

सूचीबद्ध कंपन्यांना वार्षिक लेखापरीक्षित निकाल ६० दिवसांत, म्हणजे मेअखेरपर्यंत जाहीर करावे लागतात. त्यामुळे जूनमध्ये अर्धा तक्ता भरता येतो. वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत, आणि सभेनंतर ३० दिवसांत हिशेब निबंधकाकडे. सरकार कधीकधी मुदत वाढवतं. म्हणून प्रायव्हेट कंपन्यांच्या ओळी नोव्हेंबरपर्यंत गेल्या वर्षीच्या आकड्यांवर ठेवा आणि शेजारी वर्ष लिहा. डिसेंबरात पोर्टलवर पुन्हा एक फेरी मारा. तरीही ज्यांचा हिशेब आलेला नसेल त्यांची ओळ गाळू नका. जुना आकडा, जुनं वर्ष, आणि शेऱ्यात ‘हिशेब दाखल नाही’.